मुलुंड की कालिना?

भाची पदवीधर झाली. आता पत्रकारितेच्या शिक्षणासाठी मुलुंडातल्याच एका लहान महाविद्यालयाची पदविका घ्यावी, की कालिन्यास मुंबई विद्यापीठात एम.ए.ला नाव घालावे, ही मसलत काल रात्री आमच्याकडे बराच वेळ चालली. लहान ठिकाणी विद्यार्थी मोजके असल्यामुळे प्रत्येकाची बातमी अध्यापक स्वतः वाचतात आणि पहिल्या परिच्छेदात घटनास्थळ राहून गेले, की तांबड्या शाईचे वर्तुळ काढून कागद परत करतात. हा लाभ माझ्या मते भव्य इमारतींहून मोठा.

तथापि १८३२ साली ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघाले तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेस २५ वर्षांचा अवकाश होता, आणि पदवीवाचून संपादक झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांपाशी गणिताची, इतिहासाची व अनेक भाषांची जी व्युत्पत्ती होती, ती बातमीलेखनाच्या तासांतून येणारी नव्हे. (आजच्या कित्येक वार्ताहरांना अर्थसंकल्पाचा तक्ता वाचता येत नाही, हे जाता जाता.) कालिन्यास अर्थशास्त्राचा विभाग आणि मोठे ग्रंथालय एकाच आवारात आहे, सबब माझा कौल तिकडे. मात्र महापालिकेच्या मुलुंडातील टी विभागाच्या कचेरीत जाऊन पाणीपुरवठ्याच्या तक्रारींची चौकशी करण्याचा परिपाठ तिने मोडू नये, एवढी अट घातली. कुर्ल्यास उतरून बस धरण्याच्या त्रासाचा मुद्दा तिनेच काढला. त्यावर मजपाशी तोड नव्हती.