केपच्या अंगणातली लोबेलिया

केपटाऊनला गेलेला माणूस टेबल माउंटन पाहून येतो. तो आम्हीही पाहिला. पण मनात राहिले ते रायलँड्स भागातले आमच्या खालांचे छोटेसे अंगण. 19व्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-कुलाब्याकडची अनेक मुस्लिम कुटुंबे केपटाऊनला जाऊन स्थायिक झाली. खाला अशाच एका घरातल्या. घरात आता इंग्रजीच चालते. नातवंडांकडे कोकणी उरली आहे ती 'सांदण'सारख्या खाण्याच्या शब्दांपुरती.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा तिथे वसंत होता. दारापासून नळापर्यंत कुंड्या, पत्र्याचे डबे, टांगलेल्या टोपल्या आणि त्यांतून ओसंडणारी बारीक निळी फुले. वर दोन अरुंद पाकळ्या, खाली तीन रुंद आणि मध्ये पांढरा ठिपका. ही लोबेलिया आज जगभरच्या बागांत दिसते, पण मूळची ती दक्षिण आफ्रिकेचीच.

खालांचे बालपण डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये गेले. 1966 साली तिथल्या सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. साठ हजारांहून अधिक लोकांना हलवले आणि घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी मात्र उभ्या राहिल्या. सामानाच्या गाडीत खालांच्या अम्मीने लोबेलियाचा एक डबा ठेवला होता. हे झाड वर्षभरात संपते, पण आपले बी आपणच खाली सांडते. त्या डब्याची पिढी अजून चालू आहे, असे खाला सांगतात.

या रोपांची खरी परीक्षा 2018 च्या दुष्काळात झाली. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटर पाणी ठरवून दिले होते. नळाचे पाणी बागेला घालायला बंदी होती. खालांनी वजूच्या जागी टब ठेवला. घरातली माणसे पाच वेळा वजू करत आणि साबण नसलेले ते पाणी संध्याकाळी कुंड्यांना जाई. इसराफ टाळायचा हे आपण मुलांना शिकवतोच. त्या घरातल्या मुलांनी ते टबात मोजून पाहिले. दुष्काळ सरला, टब मात्र अजून तिथेच आहे.

लावण्याची रीत त्यांनी आम्हाला हाताने करून दाखवली. बी धुळीसारखे बारीक असते, म्हणून ते चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून पेरायचे. वर माती घालायची नाही, कारण उगवायला उजेड लागतो. वरून पाणी ओतले तर बी वाहून जाते. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी. रोपे एकेक न उपटता लहान झुपक्यांनी हलवावीत. पहिला बहर ओसरला की अर्धी छाटणी करावी, म्हणजे पुन्हा फुले येतात.

परदेशातून बी आणायला परवाना लागतो, म्हणून आम्ही आणले नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या नर्सऱ्यांत लोबेलियाचे बी मिळते. ऋतू मात्र आपला धरायचा. पाऊस सरताना, ऑक्टोबरमध्ये पेरले की थंडीत फुले येतात. उन्हाळा तिला सोसत नाही. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली असलेली गॅलरी उत्तम. झाड विषारी आहे. लहान मुले आणि बकऱ्या यांच्यापासून दूर ठेवावे.

लोबेलियाची एक बहीण आपल्या सह्याद्रीतही राहते. महाबळेश्वरच्या बाजूला माणसाहून उंच वाढणारी, पांढऱ्या फुलांच्या तुऱ्याची देवनळ ती हीच. तिचा फोटो आम्ही खालांना पाठवला. त्यांनी तो नातवंडांना दाखवला आणि खाली दोनच शब्द लिहून पाठवले: आपल्या गावची.