कुकरची रिंग

नोकरीचं पत्र एप्रिलमध्ये आलं. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे, त्यातल्या रँकिन इन्लेट गावच्या शाळेत गणित शिकवायचं होतं. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव. 1957 ते 1962 इथे निकेलची खाण चालली, तिच्यामुळे वसलेलं. वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. आम्ही तेव्हा विनिपेगला राहत होतो. तिथून गाव सुमारे दीड हजार किलोमीटर, आणि रस्ता नाही. नुनावुतमध्ये पंचवीस गावं आहेत, बाहेरून रस्ता एकालाही नाही. माणसं विमानानं जातात, जड सामान उन्हाळ्यात बोटीनं.

घर मिळणार होतं, पलंग-सोफ्यासकट. तेव्हा बॅगा भरायच्या एवढंच काम होतं. मी वही घेऊन बसले आणि पहिली चूक तिथेच केली. यादी सगळी भीतीपोटी झाली. तिकडे तांदूळ मिळेल का? घ्या दहा किलो. तूरडाळ पाच किलो. कणीक दहा किलो. लोकरीचे सहा स्वेटर, दोन रजया. सांगलीहून आईचा फोन, "मेतकूट घेतलंस का? आणि भाजणी?" घेतलं. नवरा म्हणाला, शाळेत फोन करून विचार तरी. मी केला नाही. रुजू होण्याआधीच कटकट करते असं वाटेल म्हणून.

ऑगस्टमध्ये पोचलो. दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले तर तांदूळ, मैदा, साखर, तेल, सगळं रांगेनं मांडलेलं. बासमतीसुद्धा. महाग होतं. 2011पासून सरकारी सवलत आहे, ती बिलातच वजा होते, तरी भाव विनिपेगच्या दुप्पट, कधी तिप्पट. पण होतं. विमानाच्या जादा वजनाचे पैसे धरले तर माझा दहा किलो तांदूळही काही स्वस्त पडला नव्हता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुकरची रिंग गेली. शिट्टी होईना, झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत बाहेर. काढून पाहिली तर एका जागी चिरली होती. विनिपेगला असते तर दहा मिनिटांचं काम. इथे गावभर विचारलं, आमच्या मापाची कुठेच नाही. मागवली. गावात टपाल घरोघर येत नाही, टपाल कार्यालयात आपली पेटी असते. विकणाऱ्यानं घराच्या पत्त्यावर पाठवली, ती परत गेली. पुन्हा पाठवायला लावली. पाच आठवडे गेले. घरात पाच किलो तूरडाळ आणि ती शिजवायचं साधन नाही. पातेल्यात दोन-दोन तास रटरटत ठेवायची, तरी दाणा तोंडात लागायचा. शेवटी आईनं सांगितलं, "तूर राहू दे बाजूला. मूग-मसूर भिजत घालत जा." तेच केलं. उणे चाळीसच्या थंडीनं पुढे मला कधी रडवलं नाही. या रिंगेनं एका संध्याकाळी रडवलं, हे कबूल करते.

कपड्यांचीही तीच गत. विनिपेगहून भारी जाकीट नेलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी वारा सुटला आणि शेजारच्या इनुइट, म्हणजे इथल्या मूळ समाजातल्या, आजींनी माझी टोपी दोन बोटांत धरून पाहिली. हसल्या. म्हणाल्या, "हिला केस कुठे आहेत?" जाकिटाच्या टोपीला खऱ्या केसाळ कातड्याची झालर हवी. वारा तोंडावर येण्याआधी तिच्यात अडतो, श्वासाचा बर्फ झटकला की पडून जातो. माझ्या टोपीला नुसती चेन होती. इथल्या बायका घरी पार्का, म्हणजे असं झालरीच्या टोपीचं जाकीट, शिवतात. आजींच्या सुनेनं मला शिवून दिला. सहा स्वेटरांपैकी चार अजून बॅगेत आहेत. घरात हीटर इतका चालतो की आम्ही सुती कपड्यांत वावरतो. आणि हवा इतकी कोरडी, की पहिल्या महिन्यात नवऱ्याचा घोळणा दोनदा फुटला. सिंथेटिक ओढणी घेतली की दाराच्या मुठीला हात लावताच चटका. सुती कपडे मात्र मी सगळे मागे ठेवून आले होते.

डिसेंबरात दिवस पाच तासांच्याही आत येतो. त्याचा मला त्रास झाला नाही. त्रास झाला जूनमध्ये. रात्री अकराला बाहेर लख्ख उजेड. जाड काळे पडदे सोबत हवे होते, आम्ही खिडकीला रजई टांगली. रजयांचा एवढा एकच उपयोग झाला.

नाताळच्या सुट्टीनंतर विनिपेगहून परतताना मी हौसेनं भाजी आणली. खोक्यात बटाटे, कांदे, वांगी, कोथिंबिरीच्या दोन जुड्या. वाटेत वादळानं विमान अडकलं, सामान बाहेरच राहिलं. घरी खोकं उघडलं तर कोथिंबीर हातात काचेसारखी मोडली. बटाटे दगड. वितळल्यावर काळे पडले आणि चिखल झाला. सगळं फेकलं. शाळेतल्या जुन्या शिक्षकांनी मग सांगितलं, भाजी आइस बॉक्समध्ये आणायची. पदार्थ गार ठेवायचा तो डबा, इकडे गोठू नये म्हणून वापरतात. विमानतळावर पाहिलं तर निम्म्या लोकांचं सामान त्यातच होतं. आम्ही इतके दिवस बघत होतो, पण कधी विचारलं नाही. त्यातून आता कढीपत्ताही धड येतो.

वसंतात यादी पुन्हा केली, बोटीसाठी. मॉन्ट्रियलकडून बोटी निघतात, उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की. ऑर्डर कितीतरी आधी द्यावी लागते. पहिल्या वर्षी आम्ही आलो तेव्हा ती मुदत टळून गेली होती. या खेपेला वर्षाचे तांदूळ, पीठ, तेल, डाळी, साबण सगळं लाकडी पेटीत बोटीवर घातलं. सप्टेंबरात बोट दूर समुद्रात उभी राहिली, बार्जवरून पेट्या किनाऱ्याला आल्या. आमची पेटी दारात आणून टाकली तेव्हा नवरा पहार घेऊन बसला. एक तेलाचा डबा चेपला होता, बाकी ठीक.

आता कोणी नवीन येणार असेल तर शाळा माझा नंबर देते. मी एवढंच सांगते, की आधी इथल्या माणसाला फोन करा आणि विचारा, विमान चार दिवस आलं नाही तर तुमचं काय अडतं? जे सांगतील ते आणा. गोडा मसाला, हिंग, आमसुलं आणा, वजनाला काही नाही. चष्म्याचा दुसरा जोड, नेहमीच्या औषधांचा साठा, सुती कपडे, काळे पडदे. आणि मिक्सर, कुकर, जे काही आणाल त्याचे सुटे भाग दोन-दोन. माझ्या फ्रीजशेजारच्या खिळ्याला आत्ता तीन रिंगा लटकल्या आहेत. त्यातली एक हवी असेल तर देईन.