चर्चमधला अभंग

आजरा

चि. भाचीस,

माद्रिदला व्हिक्टोरियाची रचना ऐकून तू लिहिलेस की, चर्चचे खरे संगीत हे. आपल्याकडे टाळ-पेटीवर अभंग म्हणतात ती तडजोड. मला ते पटत नाही. तोमास लुईस दे व्हिक्टोरिया (सु. १५४८–१६११) जन्मभर चर्चसाठीच लिहीत राहिला. तरी १६०० साली तुझ्या माद्रिदमध्येच छापलेली त्याची ‘मिसा प्रो व्हिक्टोरिया’ जानकँ या फ्रेंच रचनाकाराच्या लढाईच्या गाण्यावर बेतलेली आहे. रणगीत वेदीपुढे चालते, तर तुकोबांच्या छंदानेच काय बिघडते? आणि १५७५ हे साल बघ. त्या वर्षी रोममध्ये व्हिक्टोरियाला पुरोहितदीक्षा मिळाली आणि त्याच शहरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट संघात दाखल झाला. तो पुढे गोव्यात, आपल्या आंबोली घाटापलीकडे, आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही सुमारे ११,००० ओव्यांत. म्हणजे ख्रिस्तकथेला देशी छंद देण्याची ही रीत आजकालची नव्हे.

तरी चर्चमध्ये अभंग रुजवला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ चालींत बसवली होती. चाल आधी ठरलेली, त्यामुळे मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ हवे तसे ताणायचे. अर्थ कळे, पण ओठांवर बसत नसे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच उभे केले होते, हे श्रेय त्यांचे. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांच्या कानात अभंग लहानपणापासून मुरलेला, म्हणून त्यांच्या भजनांत भाव आणि छंद एकत्रच जन्मले. भाषांतरकाराला हे साधत नाही, मग तो कितीही विद्वान असो.

कोणी म्हणेल, हे धर्मांतराचे आमिष होते. प्रचाराला कीर्तन वापरले गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही भजने मुख्यतः आधीच ख्रिस्ती झालेल्यांनी उपासनेत गायली. त्यांना कसले आमिष? शिवाय १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मिशनशी संबंध सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या हिशेबासाठी लिहिणारा माणूस असे करत नाही. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट होते. बरेचसे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच पुरे केले, त्याविषयी पुढच्या पत्रात.

तुझा मामा