ओठ शिवला, नाकाचं काय?

दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की घरातल्या सगळ्यांचे डोळे त्या फटीवर खिळतात. अनुभवी प्लास्टिक सर्जन ओठाइतकंच नाकाकडे निरखून बघतो. फट बुजेल, व्रण फिकट होईल, हे त्याला ठाऊक असतं. पुढे कॉलेजात जाणारी ती मुलगी फोटो काढताना मान एका बाजूला वळवते, तेव्हा ती बहुतेकदा नाक लपवत असते.

ओठ एकाच बाजूला दुभंगलेला असेल तर नाक ठरावीक रीतीनंच बिघडतं. त्या बाजूची नाकपुडी पसरट होते, तिचा तळ बाहेर, खाली आणि मागे सरकतो, शेंडा बसतो, आतला पडदा वाकतो. तोंडाभोवतीचा गोल स्नायू मध्ये जुळलेलाच नसल्यामुळे त्याचं एक टोक नाकपुडीला बाहेर ओढत राहतं आणि दुसरं टोक दोन नाकपुड्यांमधल्या खांबाला उलट बाजूला. त्यातच फटीखालचं वरच्या जबड्याचं हाड खुरटलेलं असतं. तंबूचा एक खुंटा मागे सरकला की मधला खांबही कलतो, तशी ही गत. या नाकात जवळजवळ सगळं असतं, पण जागच्या जागी काही नसतं.

गेलेलं नाक नव्यानं घडवण्याची विद्या महाराष्ट्राला जुनी. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या, इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीला पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून नाक करून दिलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’नं १७९४ मध्ये ती हकीकत छापली, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूनं तीच रीत लंडनमध्ये वापरली. दुभंगाचं नाक मात्र वेगळं काम मागतं. इथे बाहेरून काही आणण्याआधी आत जे आहे ते सोडवायचं असतं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाळ साधारण तीन महिन्यांचं असतं. दहा आठवडे, दहा पौंड, दहा हिमोग्लोबिन हा जुना ठोकताळा अजूनही ऐकू येतो. श्वासाची नळी खाली वळवून हनुवटीच्या बरोबर मध्यावर चिकटवतात. ती केसभर बाजूला ओढली गेली तरी ओठ तिरका दिसतो आणि मापं चुकतात. मग सुईच्या टोकानं निळे ठिपके देतात. रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन त्यानंतरच द्यायचं, कारण ते टोचलं की ओठ फुगतो आणि ओठाच्या काठाची रेघ हरवते. चिरेच्या रेघा बहुधा राल्फ मिलार्ड यांच्या, १९५५ मध्ये स्टॉकहोमला मांडलेल्या पद्धतीच्या वळणावर जातात. नाकपुडीचा तळ हाडापासून मोकळा करतात आणि त्याच चिरेतून बारीक वाकडी कात्री कातडी आणि कार्टिलेज यांच्या मधून शेंड्यापर्यंत सरकवतात. पातळ कातडीखाली तिचं टोक पुढे जाताना दिसतं. बसलेलं कार्टिलेज असं सुटलं की टाका घालून ते वर उचलायचं. मग सर्जन खालच्या बाजूनं दोन्ही नाकपुड्या शेजारी-शेजारी बघतो. जमलं नसेल तर टाका काढून पुन्हा घालतो. इथे घाई केली की ती आयुष्यभर दिसते.

हे इतक्या लवकर करावं की नाही, यावर बराच काळ वाद होता. तान्ह्या नाकाला हात लावला तर त्याची वाढ खुंटेल, अशी धास्ती होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे हॅरोल्ड मॅकोम्ब यांनी ओठाबरोबरच नाक उचलायला सुरुवात केली आणि तीच मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. नाकं वाढली. त्याच मुलांवर अठरा वर्षं लक्ष ठेवणारा असा माणूस भेटला नसता, तर ती धास्ती आणखी किती वर्षं टिकली असती कोण जाणे. आपल्याकडे मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो यांच्याकडे शिकलेले डॉ. हिरजी अदनवाला १९५९ मध्ये त्रिचूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात गेले. तिथल्या दुभंग-उपचार केंद्राला त्यांनी गुरूचंच नाव दिलं, आणि तेही पहिल्याच शस्त्रक्रियेत नाकाला हात घालणाऱ्यांपैकी होते.

जन्मानंतर पहिले काही आठवडे आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाचं कार्टिलेज मऊ असतं. न्यूयॉर्कच्या बॅरी ग्रेसन यांनी त्याचाच फायदा घेतला. टाळूला बसणारी प्लॅस्टिकची पट्टी आणि तिला जोडलेला नाकपुडी उचलणारा छोटा बोंडासारखा भाग, दर आठवड्या-पंधरवड्याला थोडा थोडा बदलत न्यायचा. परिणाम चांगला मिळतो. पण गावाहून येणाऱ्या बापाची प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, हेही डॉक्टरांनी हिशेबात धरावं. ज्यांना हे झेपत नाही, त्यांच्यावर अपराधाचं ओझं टाकू नये. आधीच ग्रहणात विळीवर भाजी चिरल्याचा ठपका त्या आईवर कुणीतरी ठेवलेला असतो. खरं तर ओठ जुळण्याचं काम गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच संपतं, अनेकींना तोवर दिवस गेल्याचीही नीट खात्री नसते.

पहिली शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली तरी बऱ्याच जणांचं नाक वयात येताना पुन्हा थोडं बसतं. शेवटची दुरुस्ती चेहऱ्याची वाढ थांबल्यावर, मुलींत साधारण सोळाव्या आणि मुलांत अठराव्या वर्षाच्या सुमाराला. तेव्हा वाकडा पडदा सरळ करतात आणि पडद्याचं किंवा बरगडीचं कार्टिलेज घेऊन शेंड्याला आधार देतात. जबडा मागे राहिला असेल तर आधी जबडा, मग नाक. हा क्रम उलटवला की केलेलं काम वाया जातं.

म्हणून अशा बाळाच्या घरच्यांना एवढंच सांगणं: पहिल्या आठवड्यातच दुभंग-उपचार केंद्र गाठा आणि ‘ओठाबरोबर नाकाचं काय करणार?’ हे स्पष्ट विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे आणि त्यात उपचार मोफत मिळतात. ओठ शिवून झाला तरी फाईल फेकू नका, दरवर्षी मुलाला दाखवून आणा.