हॉवर्डचे वकील

१. १८९६. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले : कृष्णवर्णीयांचा रेल्वेचा डबा वेगळा असला तरी चालेल, सोयी समान असल्या म्हणजे झाले. 'वेगळे' लगेच अमलात आले.

२. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. हार्वर्डचे वकील, पहिल्या महायुद्धातले लष्करी अधिकारी. १९२९मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या लॉ स्कूलची सूत्रे घेतली आणि पुढे रात्रीचे वर्गच बंद केले. विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव : लोखंडी बूट.

३. थर्गुड मार्शल यांच्या फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण टाकली. घराजवळचे मेरीलँडचे लॉ स्कूल कृष्णवर्णीयांना घेत नसे, म्हणून बाल्टिमोरहून रोज आगगाडीने हॉवर्डला. १९३५मध्ये ह्यूस्टन-मार्शल या गुरुशिष्यांनी त्याच मेरीलँडला कोर्टात खेचले. जिंकले. आज तिथल्या ग्रंथालयाला मार्शल यांचे नाव आहे.

४. ह्यूस्टन यांचा डाव हिशेबी. 'वेगळे' का, हे तूर्त विचारायचे नाही. 'समान' कुठे आहे ते दाखवा म्हणायचे. दोन-दोन लॉ स्कूल चालवणे कोणत्या राज्याला परवडते, बघू. शिवाय लॉ स्कूल म्हणजे काय, हे न्यायमूर्तींना समजावून सांगावे लागत नाही.

५. टेक्सासने एका पोस्टमनसाठी तळघरात वेगळे लॉ स्कूल उघडले. ओक्लाहोमाने मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला आणि वर्गाला लागून असलेल्या खोलीत एकटे बसवले. दोन्ही राज्ये ५ जून १९५० रोजी हरली. ह्यूस्टन २२ एप्रिललाच गेले होते.

६. मिझुरीच्या लॉ स्कूलमधील प्रवेशाचा खटला जिंकलेला लॉइड गेन्स मार्च १९३९मध्ये शिकागोत पोस्टाची तिकिटे आणायला बाहेर पडला. पुन्हा कोणाला दिसला नाही.

७. पॉली मरे, १९४४, हॉवर्डच्या वर्गातली एकमेव मुलगी. म्हणाली, 'समान' सोडा, 'वेगळे'वरच घाव घाला. वर्ग हसला. तिने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी १० डॉलरची पैज लावली : १८९६चा निकाल २५ वर्षांत उलटेल. १० वर्षांत, शाळांमधल्या वेगळेपणाच्या खटल्यात उलटला, ९ विरुद्ध ०. त्या खटल्याच्या तयारीत रॉबिन्सन यांनी तिचाच जुना निबंध बाहेर काढला होता. वर्गात पहिली आली, तरी हार्वर्डने पुढच्या शिक्षणाला घेतले नाही. या वेळी कारण रंग नव्हे, बाई.

८. १९५५. शाळा एकत्र करा, असे कोर्टाने पुन्हा बजावले. तारीख घातली नाही.

९. १९६०. केनियाच्या घटनेसाठी हक्कांचा मसुदा करायला मार्शल लंडनला गेले. केनियात बहुसंख्य कृष्णवर्णीय. अल्पसंख्य कोण? गोरे मळेवाले, गुजराती दुकानदार, गोव्याचे कारकून. मार्शल यांनी त्यांच्या मालमत्तेच्या रक्षणाची तरतूद लिहिली.