रात्रीची सवलत

कमी उजेडात आत्मरक्षणासाठी बंदूक कशी चालवावी, याचे शिक्षण आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने अमेरिकेत घेतले. खालापूरजवळच्या त्याच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायला गेलो, तेव्हा ती हकिकत ऐकली. नेमबाजीइतकाच वेळ तेथे विजेरी हाताळण्यात जातो म्हणे! डोळा अंधाराला सरावायला 20-30 मिनिटे लागतात; तरीही आकृती दिसते, चेहरा दिसत नाही. म्हणून आधी प्रकाश, मग ओळख, आणि तोवर बोट चापापासून दूर. “नाहीतर फादर, चोर समजून घरचाच माणूस जायचा.”

मला निर्गमाचा 22 वा अध्याय आठवला. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर रक्तपाताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला, तर आहे. भारतीय न्याय संहितेचे 41 वे कलमही सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला वेगळे मानते. ही सवलत, मला वाटते, न दिसण्याची आहे. मग ज्याच्या हाती विजेरी आहे, त्याला ती कितपत लागू?

अर्थात, उजेडही पुरत नाही. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने चोर समजून दोन साधू व त्यांचा चालक यांना ठार मारले. तेथे उजेड होता, पोलीसही होते.

तरुणाने येथे बंदुकीचा परवाना मागितलेला नाही. पडवीत रात्रभर दिवा असतो. पावसाळ्यात कुंपणापलीकडे बत्ती हलली, की तो हाक मारतो. कर्जतकडच्या वाडीवरचे कातकरी त्याच वाटेने ओढ्यावर खेकडे धरायला जातात.