मंगरूळपीरचे हेलिकॉप्टर

वऱ्हाडात मंगरूळ नावाची गावे एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, मंगरूळ चव्हाळा आहे. आणि आमचे थोरले साडू राहतात ते मंगरूळपीर. हे पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा ते तिकडे गेले. नावातला पीर म्हणजे दादा हयात कलंदर. त्यांचा दर्गा हीच गावाची ओळख. पत्ता लिहिणाराने हा पीर विसरू नये; साडूंचे विलायतेहून आलेले एक पार्सल केवळ तेवढ्या चुकीपायी आठ दिवस दस्तगीरचा पाहुणचार घेऊन आले होते!

गावाला रेल्वे नाही. अकोल्याला किंवा वाशीमला उतरायचे आणि एस. टी. धरायची, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आता समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून जातो. २०२२ च्या डिसेंबरात तो नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये पार ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पोचला. महामार्ग सोडून गावाकडे वळले, की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. पावसाळ्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन यांनी भरून जाणारी ही जमीन मे महिन्यात भेगाळून आभाळाकडे पाहत पडलेली असते. अशा उन्हात, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून, कोणी शहाणा माणूस तिकडे जाईल का? पण मेहुणीच्या हातची आंब्याची डाळ आणि साडूंचे हेलिकॉप्टर ही दोन आकर्षणे होती.

साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसे भजनी मंडळात तरी जातात, नाही तर शेजाऱ्याशी धुऱ्याचे भांडण तरी काढतात. यांनी प्लास्टिकच्या विमानांचा नाद लावून घेतला. खोक्यात एका चौकटीला चिकटलेले बारीक बारीक भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. सारे १:७२ या मापाचे. म्हणजे सहा फुटांचा माणूस या जगात बरोबर एक इंच!

त्या दिवशी टेबलावर सिकोर्स्की एस-५५ होते. भारतीय हवाई दलात १९५४ साली पहिली हेलिकॉप्टरे आली, ती या जातीची. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने त्याच दशकात त्याची प्रतिकृती बाजारात आणली. १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने ही कंपनी काढली. आरंभी ती हवा भरायची रबरी खेळणी करी. असली जुनी खोकी आता दुर्मीळ, आणि दुर्मीळ वस्तूची किंमत मेहुणीला सांगायची नसते, एवढे मलाही कळते.

खऱ्या एस-५५ च्या वरच्या पंख्याचा व्यास ५३ फूट. इथे तो नऊ इंचांहूनही कमी. पण मौज आहे ती रचनेत. याचे इंजिन नाकात, तेही तिरपे बसवलेले. वैमानिक इंजिनाच्या वर माडीवर बसल्यासारखा बसतो, आणि इंजिनातून निघालेला दांडा तिरपा वर पंख्याकडे जातो.

"असे का?" मी विचारले.

"बैलगाडी भरताना धुरकरी काय पाहतो?" साडू म्हणाले. "कापूस मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसते. इंजिन नाकात नेल्यामुळे माणसांची खोली बरोबर पंख्याखाली आली. दोन बसोत की दहा बसोत, तोल फारसा ढळत नाही."

हे सारे शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा मुलगा डोळे विस्फारून ऐकत होता. वय चौदा-पंधरा. "आजोबा, मंग हे उडत काहून नाही?" हा त्याचा रोजचा प्रश्न. मुलगा हुशार, हाताने चपळ. वडिलांच्या दुकानातले लोखंडी अँगल त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होते, हे उघड होते.

संध्याकाळी त्याचे वडील आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"काकाजी, पोराले उद्यापासून पाठवत नाही," ते म्हणाले. "फुलसावंगी काही लांब नाही."

खोली एकदम गप्प झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले फुलसावंगी वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? तिथल्या एका तरुण कारागिराने, आठवीपर्यंत शिकलेल्या, मोटारीचे इंजिन बसवून आपल्या हाताने हेलिकॉप्टर उभे केले होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तो त्याची चाचणी घेत असता शेपटीकडचा पंखा तुटला, वरच्या पात्यावर आदळला, आणि ते पाते त्याला लागून तो गेला. गेला तो वेडा नव्हता. बुद्धीला वाट दाखवणारे कोणी जवळ नव्हते, असे माझे मत आहे. पण बापापुढे असले मत काय कामाचे?

साडूंनीही उपदेश केला नाही. त्यांनी अजून न चिकटवलेला शेपटीचा पंखा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. वरचा पंखा एका दिशेला फिरू लागला की खालचे धूड उलट फिरू पाहते; हा चिमुकला पंखा ते धरून ठेवतो. खऱ्या यंत्रात असल्या भागांचे आयुष्य तासांत मोजलेले असते, आणि तास भरले की दिसायला धडधाकट असलेला भागही काढून टाकतात.

वडील बराच वेळ ते पाते न्याहाळीत होते.

"आमचा जोडही वरून चांगला दिसते," ते हळूच म्हणाले, "आन् आतून पोकळ राहते. गेटाले चालते तसं. फिरणाऱ्या वस्तूले नाही चालत."

"हेच त्याला तुम्ही शिकवा," साडू म्हणाले. "मला वेल्डिंग येत नाही."

मग ते खुर्चीवर बसले. मेहुणीने चहा आणला. मुलाला रविवारी पाठवायचे ठरले, दुकानाची किल्ली मात्र वडिलांच्या कमरेला राहणार होती.

खोक्यातली चिन्हे परदेशी, म्हणून आपल्या हवाई दलाचे वर्तुळ हाताने रंगवायचे होते: बाहेर केशरी, मग पांढरे, आत हिरवे. हिरवा रंग मुलाने दिला, श्वास रोखून. तो वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून साडूंनी कूलर बंद केला, आणि मंगरूळपीरच्या त्या उकाड्यात आम्ही पाचही जण घामाने निथळत एक इंचाच्या वैमानिकाकडे पाहत बसलो.